कोळेकर अण्णांचं पेव

कोळेकर अण्णा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की पाण्याचा तांब्या हातात येण्याआधी उजव्या पायाची टाच जमिनीवर तीनदा आपटतात. मान तिरकी करून क्षणभर ऐकतात आणि निकाल देऊन टाकतात. "मुरूम हाय. लई चांगलं." किंवा "भराव हाय." किंवा मयताला आल्यासारखा चेहरा करून, "खाली काळी हाय बगा. उन्हाळ्यात भिंतीला तडं जातील." वरची फरशी कितीही भारीतली असो, अण्णा तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. घर बघायला गेलेला माणूस आणि जमीन बघायला गेलेला माणूस यांत फरक असतो, हे सोलापुरात फक्त त्यांनाच ठाऊक आहे असं त्यांचं मत आहे.

आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हेच केलं. विजापूर रोडच्या ह्या कॉलनीत आम्ही नवे, अण्णा डाव्या हाताचे शेजारी, म्हणून आग्रहानं बोलावलेले. भटजी होम पेटवत होते, मी आणि आमचे हे पाटावर बसलो होतो, आणि अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारात टाच आपटली. मी शाळेत भूगोल शिकवते हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून 'बाई'. पंचवीस माणसांदेखत ते म्हणाले, "बाई, हितं हीर व्हती. बुजवल्याली हाय."

भटजींच्या हातातली पळी थांबली. अण्णांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालायची सवय आमच्या ह्यांना त्या दिवसापासून लागली, ती अजून आहे. पुढच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचा एक कोपरा दोन बोटं खचला. अण्णा बघायला आले. "म्या सांगितलं न्हवतं?" असं म्हणायची इतकी सुंदर संधी समोर असताना ते काही न बोलता चहा पिऊन गेले. तेव्हापासून मी त्यांच्या बाजूची.

माणसांनाही ते ह्याच मापानं तोलतात. कॉलनीचे अध्यक्ष म्हणजे भराव. वरनं सपाट, आत काय भरलंय देवाला ठाऊक. आमचे हे काळी माती. "पीक चांगलं, पर उनात फाटत्यात." उन्हाळ्यात ह्यांचा पारा चढतो हे खरंच आहे. मला म्हणाले, "बाई, तुमी मुरूम. पानी साठून ऱ्हात न्हाय तुमच्यात." मी खूश झाले. मनात काही धरून ठेवत नाही, असा अर्थ घेतला. दोन दिवसांनी भाजी निवडताना लक्षात आलं, की सांगितलेलं डोक्यात राहत नाही असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. विचारायला गेले नाही.

अण्णा बसडेपोत मेकॅनिक होते. गाडी दुरुस्त करायला डेपोत एक लांबट खड्डा असतो. गाडी वर उभी करायची आणि मेकॅनिकनं खाली उतरून तिच्या पोटात हात घालायचा. अण्णांनी त्या खड्ड्यात तेहतीस वर्षं काढली, आणि जगाकडे खालून बघायची खोड त्यांना तिथेच लागली असावी. डेपोतली माणसं ते चपलांवरून ओळखत. साहेब आलेत हे बुटावरून कळे आणि साहेब कशासाठी आलेत हे बूट किती जोरात पडतोय त्यावरून. अजूनही मी रस्त्यात दिसले तर आधी माझ्या पायांकडे बघतात. "डावी टाच झिजलीया. कंबर दुखत आसंल." ती दुखत असते.

निवृत्तीच्या दिवशी हार आला, नारळ आला, भाषणं करणारे आले आणि सत्कारमूर्तीच सापडेना. शोधता शोधता सापडले ते खड्ड्यात, हातात पाना घेऊन. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. तिला सगळी कॉलनी आक्का म्हणते. "साहेब म्हनलं, कोळेकर, आता तरी वर या. तर हे म्हनलं, वर लई उजेड हाय साहेब." आक्का बारीक चणीच्या, मिश्री लावणाऱ्या आणि नवऱ्याबद्दल एकही चांगला शब्द न बोलता चाळीस वर्षं संसार केलेल्या. "लगीन झाल्यापास्नं ह्यांच्या अंगाला डिझेलचा वास. रिटायर झाले, आता मातीचा. मानसाचा वास काय ह्या घराला लागला न्हाय."

अण्णांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "जमिनीच्या वर काय टिकतंय?" आलं, हळद वाळूत पुरून ठेवणं मी समजू शकते. पण अण्णांनी पेन्शनचं पुस्तकसुद्धा स्टीलच्या डब्यात घालून, वर प्लास्टिक गुंडाळून, कडीपत्त्याच्या बुडाशी दीड हात खाली पुरलेलं आहे. कपाटाला वाळवी लागते, कुलपाला चोर लागतो, जमिनीला काय लागतं? आता दर नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवावं लागतं. बाकीचे म्हातारे रिक्षा करून जातात. अण्णा आधी फावडं घेतात. आपण हयात असल्याची कागदपत्रं जमिनीतून उकरून काढणारा दुसरा माणूस निदान सोलापूर जिल्ह्यात तरी नसावा.

माझ्या विषयाबद्दल त्यांना दया वाटते. "पुस्तकात म्हनं पृथ्वीचं तीन थर. तीन? हितं टिकाव मारा, दोन हातात चार लागत्यात. ज्यानं पुस्तक लिवलं त्यानं कवा खड्डा खणलाय का?" मी म्हटलं, मुलांनाच सांगा एकदा, आणि त्यांना आठवीच्या वर्गावर घेऊन गेले. ती माझी चूक. वर्गात शिरताच त्यांनी टाच आपटली आणि मुलांना सांगितलं, की शाळा जुन्या उकिरड्यावर बांधलेली आहे आणि कमरेइतकं खणलं तर तुमच्या आज्यांच्या चपला घावतील. मधल्या सुट्टीत आख्खी आठवी कंपासपेटीतली अवजारं घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात बसली. शाळा सुटेपर्यंत एक चप्पल, तीन बटणं आणि मातीच्या बैलाचं डोकं निघालं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं? पण त्या वर्षी मातीवरचा प्रश्न एकाही मुलानं कोरा सोडला नाही, हेही तितकंच खरं.

तर असे हे अण्णा. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली, आणि दारातली रांगोळी पुसली जायच्या आत त्यांनी स्वतःच्या अंगणात टिकाव मारला.

आमच्याकडे अंगण खणणं ही काही बातमी नव्हे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ज्याला जागा आहे तो जमिनीखाली हौद करतो. पण हौद चौकोनी असतो. अण्णांच्या खड्ड्याचं तोंड एका माणसापुरतं, आणि खाली गेलं की तो रुंद होत चाललेला. शिवाय मजूर नाही, यंत्र नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस रोज सकाळी धोतर खोचून आत उतरायचा आणि घमेलं घमेलं मुरूम वर यायचा. कॉलनीत अफवांचं पेव फुटलं. कुणी म्हणालं भुईकोट किल्ल्यात निघणारं भुयार आहे. समोरच्या येमूल काकू, म्हणजे चादरीच्या कारखानदारांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, त्यांनी गुप्तधनावर शिक्का मारला. "अय्यो, ह्या वयात उगाच कोण खणतंय बाई?" काहीतरी वाटीत घालून त्या दिवसातून तीनदा आक्कांकडे जायला लागल्या. एकदा मोटरसायकलवरून दोन भगवे गृहस्थ लिंबं घेऊन आले आणि धन नेमकं कुठे आहे ते सांगतो म्हणाले. अण्णांनी एकाच्या हातात टिकाव दिला. "आदी दोन हात खणा. मंग बगू." ते गेले.

शेवटी मीच जाऊन विचारलं. "पेव हाय की," अण्णा आतून म्हणाले.

अफवांचं पेव फुटलं असं मी आत्ताच लिहून गेले. वर्तमानपत्रात रोज कशाचं ना कशाचं पेव फुटलेलं असतं. पण प्रत्यक्ष पेव मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि भूगोल शिकवत होते वीस वर्षं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजण पुरावा तसं. ते मुरमातच खणायचं, काळ्या मातीत नाही. आत जाळ करून भिंती कोरड्या करायच्या, शेणानं सारवायच्या, तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, मग ज्वारी ओतायची. वर भुसा, भुश्यावर दगडाची चीप, चिपेवर चिखल. वारा लागला नाही, पाणी लागलं नाही, तर दाणा वर्षानुवर्षं राहतो. अण्णांचं गाव मंगळवेढ्याच्या अलीकडे. मेंढरं आणि कोरडवाहू ज्वारी, एवढंच घरचं. घराच्या मागे पेव होतं आणि दुष्काळात त्या पेवानं निम्मी वस्ती जगवली होती, असं ते सांगत.

खोली विचारली तर म्हणाले, "दीड पुरुष." पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मी घरातून टेप आणते म्हटलं तर त्यांना ते आवडलं नाही.

होळीच्या सुमाराला मंगळवेढ्याच्या बाजारातून आठ पोती मालदांडी ज्वारी आली आणि अण्णांनी पेव भरलं. आक्का ओट्यावर बसून बघत होत्या. "खानारी दोन. त्यात येकाला दात न्हाईत. आट पोती." अण्णांनी चिपेवर चिखल लिंपला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि तिथेच खुर्ची टाकली. पुढचं दीड वर्ष त्यांनी वर्तमानपत्र त्याच खुर्चीवर बसून वाचलं.

मग अण्णांच्या पलीकडचा मोकळा प्लॉट विकला गेला. बांधकामासाठी हौद खणला, भरला, आणि तो पहिल्या दिवसापासून पाझरायला लागला. पेवाचा वैरी एकच, पाणी. मुरमातून ओल सरकत आली तर आठ पोती ज्वारीचं खत व्हायला पंधरा दिवस पुरतात. हे सगळं मला अण्णांनीच सांगितलं. "उगडाया पायजे," असं रोज सकाळी म्हणत. आणि उघडत नसत.

आधी अमावस्या होती. मग चीप काढायला पहार बोथट होती. मग खरी अडचण बाहेर आली, दोर धरायला माणूस पाहिजे. बंद पेवात वायू धरतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर एकानं तो धरून बसायचं. खालच्याला गुंगी आली तर वरच्यानं ओढून काढायचं. म्हणजे सगळा जीव वरच्याच्या हातात.

अण्णांनी उमेदवारांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कमरेला दोर बांधून ते फाटकापाशी डोळे मिटून उभे राहत आणि मधेच हिसका देत. दुसरं टोक उमेदवाराकडे. आमच्या ह्यांना मी बळंच पाठवलं. दोन मिनिटं नीट गेली आणि ह्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. ह्यांनी एक हात सोडून तो काढला. अण्णांनी न बोलता कमरेची गाठ सोडली. पलीकडच्या गल्लीत व्यायामशाळा चालवणारा पैलवान आला. त्यानं असा काही जोर लावला की अण्णा फाटकापासून कडीपत्त्यापर्यंत आले. "ताकद हाय," अण्णा धापा टाकत म्हणाले, "पर ह्यो दोर वडतोय. दोर वडायचा नस्तो, धरायचा आस्तो." शेवटी मी गेले. पाचच मिनिटांत नापास. "बाई, तुमी इच्यार करत बसता. दोर धरनारानं इच्यार करायचा न्हाय."

असे आठ दिवस गेले. पलीकडची भिंत खालून हातभर ओली दिसायला लागली. अण्णा सकाळ-संध्याकाळ चिपेवर तळहात ठेवून बसत आणि कुणी बोललं तर खेकसत. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला. दीड पुरुष खणायचं, दीड वर्ष राखण करायची आणि आता डोळ्यांदेखत नासू द्यायचं, हा कसला हट्ट? मी तणतणत आक्कांकडे गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"दोर धरनारा घावत न्हाय व्हय?" आक्का म्हणाल्या. "दोर धरनारा हाय की. मंगळवेढ्याच्या अलीकडं हाय. चौदा वर्सं झाली, बोलत न्हाईत येकमेकाला."

तेव्हा मला सिद्राम कळला. अण्णांचा धाकटा भाऊ. गावाकडच्या पेवात कायम अण्णा उतरायचे आणि वर दोर सिद्रामच्या हातात. मिसरूड फुटायच्या आधीपासून हीच वाटणी. पुढे अण्णा डेपोत लागले, सोलापुरात आले. जमिनीची वाटणी झाली तेव्हा घरामागची जागा सिद्रामकडे गेली, त्यावरून तक्रार नव्हती. पण एका वर्षी अण्णा जत्रेला गेले, घरामागे फिरले आणि सवयीनं टाच आपटली. भराव! सिद्रामनं पेव बुजवलं होतं, मोठ्या भावाला एका शब्दानं न विचारता. अण्णा पाणीसुद्धा न पिता आलेल्या गाडीनं परत फिरले. पुतणीच्या लग्नाला लुगडं धाडलं, स्वतः गेले नाहीत.

"मग बोलवा की त्यांना," मी म्हटलं.

"ह्यांनी बोलवायचं? जीब झडंल."

"तुम्ही बोलवा."

"म्या बोलावलं तर ह्यास्नी कळंल. तुमी परक्या हायसा. परक्यानं केल्यालं चालतंय." असं म्हणून आक्कांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या आणि मला नंबर सांगितला. पाठ होता.

मी घरी येऊन फोन लावला. सोलापूरहून कोळेकर अण्णांच्या शेजारची बोलतेय म्हटल्यावर पलीकडून नुसती मेंढरं ऐकू येत होती. मग एकदम, "काय झालं अण्णाला?"

"काही झालं नाही. पेव उघडायचंय. दोर धरायला माणूस नाही."

"पेव? सोलापुरात?"

"अंगणात आहे."

पुन्हा बराच वेळ मेंढरं. मग सिद्राम म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला तो फाटकात उभा. अण्णांपेक्षा वीतभर उंच, पटका बांधलेला, खांद्यावर अंबाडीच्या दोराची वेटोळी. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपरच्या खालून त्यांना आधी चपला दिसल्या असणार. पेपर खाली आला नाही. "अगं," ते आक्कांना म्हणाले, "कुनाला पानी पायजे आसंल तर दे."

सिद्राम पाणी प्यायला, त्यानं जाऊन चिपेवर तळहात ठेवला आणि कडीपत्त्याच्या झाडाला उद्देशून म्हणाला, "ओल सरकलीया. आजच चीप काडाया पायजे."

"मला काय कळत न्हाय व्हय?" अण्णा पेपरला म्हणाले.

चीप निघाली. वायू जाऊ द्यायला एक दिवस तोंड उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे सिद्रामला मुक्काम करावा लागला. रात्रीच्या जेवणात चटणी इकडून तिकडे आणि मीठ तिकडून इकडे नेऊन हात दुखले, असं आक्कांनी नंतर मला सांगितलं.

सकाळी सगळी कॉलनी जमली. येमूल काकू पुढच्या रांगेत, कारण ज्वारी हा देखावा आहे आणि खरा माल तळाशी आहे यावरची त्यांची श्रद्धा अजून ढळली नव्हती. आता हवा तपासायची होती. आमचे हे उत्साहानं पुढे झाले. परीक्षेत नापास झाल्याचं त्यांना लागलेलं होतंच. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून तो पिशवीत घातला आणि सुतळीनं आत सोडला. "बघा, चालू आहे! हवा एकदम चांगली."

दोघा भावांनी एकाच वेळी त्यांच्याकडे बघितलं. "सायेब," सिद्राम शांतपणे म्हणाला, "त्याला शिवास घ्याया लागत न्हाय." कोळेकर घराण्यात दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते. मग काकूंनी पणती आणून दिली. ती बादलीत ठेवून आत सोडली. ज्योत खाली गेली. ती तेवत राहिली.

गाठ सिद्राम बांधणार होता. अण्णा त्याच्यासमोर जाऊन हात वर करून उभे राहिले आणि दुसरीकडे बघू लागले. सिद्रामनं दोर कमरेभोवती दोनदा फिरवला, गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली. मग तोंडाशी बसला, दोन्ही टाचा दगडाला लावल्या, दोर पाठीमागून घेतला. अण्णा उतरले. डोकं आत गेलं आणि सिद्राम खणखणीत आवाजात ओरडला, "हाय का?"

आतून काही नाही. मग नाइलाजानं, "हाय."

सिद्राम माझ्याकडे वळून म्हणाला, "आत गेल्याल्या मानसानं गप बसायचं न्हाय, बाई. वरनं इच्यारायचं, खालनं वो द्यायची. आवाज थांबला की समजायचं."

मी आक्कांकडे बघितलं. त्या पदरानं तोंड पुसत होत्या.

पाट्या वर येऊ लागल्या. त्या दुसऱ्या दोरानं ओढायचं काम आमच्या ह्यांना मिळालं आणि ते त्यांनी मन लावून केलं. कडेचे दाणे पिवळे पडले होते, बाकी ज्वारी मोत्यासारखी. कोंडलेल्या धान्याचा उबट, आंबूस वास सगळ्या अंगणात पसरला. आणि दर मिनिटाला तेच. "हाय का?" "हाय." "हाय का?" "हाय." आधी अण्णांचा आवाज पाय आपटल्यासारखा यायचा. दहाव्या-बाराव्या पाटीला तो जरा सैल झाला. विसाव्याला "हाय" च्या पुढे "ह्या बाजूला ओल हाय" आलं. मग सिद्रामनं विचारलं, "किती?" मग अण्णांनी सांगितलं, "चार बोटं." चौदा वर्षांनी हा पहिला संवाद, आणि तो ओलीबद्दल.

सव्वाअकराला रिकामी पाटी वर आली. काकूंनी तिच्यात डोकावून बघितलं आणि सुस्कारा सोडून घरी गेल्या. कॉलनी पांगली.

"झालं का?" सिद्रामनं विचारलं.

"झालं."

"मंग ये की वर."

"थांब वाईच. कोपरा झाडतो."

पेव गोल असतं. त्याला कोपरा नसतो. भूगोलाच्या बाईलाही एवढं कळतं, सिद्रामला तर कळतच होतं. पण त्यानं बैठक जरा नीट केली आणि पुन्हा विचारलं, "हाय का?"

"हाय."

मग खालून, कुणी न विचारता आवाज आला. "त्ये पेव का बुजवलंस?"

मला तिथून उठायला हवं होतं. मी उठले नाही, आक्काही उठल्या नाहीत. सिद्राम हातातल्या दोराकडे बघत राहिला. वरच्यानं गप बसलं तर चालतं. पण तो बोलला.

"खाली उतरनारा तू. तू गेलास डेपोत. म्या निस्ता दोर धरनारा. दोर धरनाऱ्यानं येकट्यानं पेवाचं काय करायचं? आदी सुट्टी काडून यायचास, मंग त्येबी थांबलं. दोन वर्सं वाट बगितली, म्हनलं येईल. न्हाय आलास. लेकरं खेळायची तितं. मंग बुजवलं."

खालून काही आलं नाही.

"हाय का?"

काही नाही.

"अण्णा, हाय का?"

सिद्राम अर्धवट उठला, दोर पाठीवर ताठ झाला, पाय दगडावर घसरले. "अण्णा! वो दे की! अण्णा!" इतक्या उंच, रापलेल्या माणसाचा आवाज असा फुटलेला मी ऐकला नव्हता. आमचे हे धावले आणि मागून दोर धरला. ह्या वेळी दोन्ही हातांनी. आक्का जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. फोन मीच केला होता.

मग खालून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हाय," अण्णा म्हणाले. आवाज ओला होता. "हाय रं. वडू नगंस. हितंच हाय."

सिद्राम धपकन खाली बसला. पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं, पण दोर ढिला सोडला नाही. "मंग बोलत ऱ्हा की," तो म्हणाला. "गप बसायचं न्हाय म्हनून तूच शिकवलंस न्हवं."

अण्णा बोलू लागले. आत आवाज घुमतो, त्यामुळे शब्द कळत नव्हते. मधेच आईचं नाव आल्यासारखं वाटलं, मधेच एका कुत्र्याचं. सिद्राम हुंकार भरत होता. आक्कांनी मला आणि ह्यांना हाताला धरून घरात नेलं आणि ताटं मांडली. "चला, जेवून घ्या. त्येंचं चालंल."

भाकरी त्याच ज्वारीची होती, पहिली पाटी गिरणीत धाडून आक्कांनी मधल्या वेळात थापलेली, किंचित आंबूस, गोड. आमचं जेवण झालं, पान खाऊन झालं, दीड वाजून गेला. अंगणात उन्हात सिद्राम दोर धरून तसाच बसला होता, आणि रिकाम्या पेवातून अजून बोलणं ऐकू येत होतं.